झुडपापाशी ठेवायची चिठ्ठी

साधनाबाई : असं तुकड्यातुकड्यानं नको सांगूस, गोरक्ष. मठाच्या भिंतीपाशी आलास. मग दार. दार केवढं होतं?

गोरक्ष : बारकं, बाई. भिंत बघून वाटतं दरवाजा हत्ती जाईल एवढा असंल. आन निघतंय आपल्या कांदाचाळीच्या दाराएवढं. वाकून जावं लागतं.

साधनाबाई : भिंत किती उंच?

गोरक्ष : आपली सायखेड्याची शाळा हाय ना, तुम्ही शिकवायच्या ती? तिच्यावर आजून एक मजला चढवा. निस्ता दगड, लालसर. दीड हजार वर्षं झाली म्हने बांधून. चौथीत तुम्ही आम्हाला गवंड्यांचं गणित घालायच्या, पाच गवंडी बारा दिवसांत किती भिंत बांधतील. तिथं उभा राहून तेच आठवलं.

साधनाबाई : आलं का मग उत्तर?

गोरक्ष : नाय आलं.

साधनाबाई : वाटलंच. चहा घे, गार होतोय. आणि त्या पिशवीत काय आहे?

गोरक्ष : दोडके हायेत. आन थोडी मेथी. मळ्यातलीच.

साधनाबाई : दोडके आणायला दीड महिना लागला तुला. जूनच्या अखेरीला इजिप्तहून परत आलास आणि आज उगवतोयस. फोन केलास तोही काय, तर "बाई, काम झालं." आणि ठेवला. ह्यांची, तुझ्या सरांची चिठ्ठी मी ते गेल्यापासून सहा वर्षं कपाटात जपली होती, गोरक्ष. मोशेच्या त्या झुडपापाशी ठेव म्हणून तुझ्या हातात दिली. मला सगळी हकिगत हवी होती. कुठे ठेवलीस, कशी ठेवलीस, वारा होता का, कोण होतं बाजूला.

गोरक्ष : नर्सरीत लय काम होतं, बाई. कलमं बांधायचे दिवस.

साधनाबाई : सायखेड्याहून इंदिरानगर तासाभरावर आहे. कलमांना एक दिवस तुझ्याशिवाय राहता येतं. बरं, आता आलायस तर पहिल्यापासून सांग. बत्तीस जण गेला होतात ना? बत्तीसच्या बत्तीस मठात?

गोरक्ष : छ्या. दौरा द्राक्षवाल्यांचा. पाच दिवस बागा बघितल्या. निस्त्या वाळूत बागा, बाई, आन मेमधीच माल काढून युरोपला धाडतात. आपल्या लोकांची तोंडं बघायची होती तुम्ही. शेवटचे दोन दिवस फिरायला ठेवलेले. बाकीचे गेले समुद्रावर, काचेच्या तळाच्या बोटीत मासे बघायला. मठाला आम्ही पाच जन. दिनेश दौऱ्याचा पुढारी, त्याला मी नाशिकातनंच सांगून ठेवलं होतं. तो म्हनला, अण्णा, तुम्ही ख्रिश्चन कधी झाले? म्हनलं, बाईंचं काम हाय. मंग गप बसला. त्यानंबी तुमच्या पट्ट्या खाल्ल्यात.

साधनाबाई : दिनेशला मी कधी मारलं नाही. उभा करायचे फक्त. पुढे.

गोरक्ष : पहाटे निघालो. गाडी चाललीय, चाललीय. मधी चार ठिकाणी पोलीस, पासपोर्ट बघतात, पुन्हा गाडी चालू. एक झाड नाय, बाई. मी खिडकीत बसून मोजायचं ठरवलं होतं, तासाभरात दोन झाली. तीबी बाभळीच. मी म्हनलं, असल्या ठिकानी देव कशाला येईल? आपल्याकडं बघा, गोदावरी हाय, त्र्यंबकचा डोंगर हिरवागार हाय. देवाला जागा चांगली बघता येते ना.

साधनाबाई : हाच प्रश्न मी लहानपणी माझ्या वडिलांना विचारला होता.

गोरक्ष : काय म्हनले ते?

साधनाबाई : म्हणाले, जिथे दुसरं काही बघण्यासारखं नसतं तिथे माणूस ऐकतो. मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं. तू दारातून आत गेलास. मग?

गोरक्ष : दारात मी बूट काढले.

साधनाबाई : का?

गोरक्ष : का म्हंजे? देवाच्या दारात. हात आपोआप खाली गेले. आत बघतो तर समदे गोरे बुटासकट फिरतायत. दिनेश हसायला लागला, अण्णा, इथं चालतं म्हने. मी म्हनलं, त्यांना चालतं, मला नाय चालत. तिथं एक म्हातारा साधू होता, काळा झगा, दाढी इथपत्तर. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, मंग तोंडाकडं बघितलं, आन मान हलवली. चिडला का काय, कळंना.

साधनाबाई : चिडला नसेल. तुला मोशेची गोष्ट माहीत आहे का?

गोरक्ष : तुम्ही सांगितली होती जायच्या आधी. पन तवा मी पासपोर्टच्या टेन्शनमधी होतो.

साधनाबाई : मेंढरं चारत होता तो. सासऱ्याची. त्या डोंगरापाशी आला तर एक झुडूप पेटलेलं. पेटलंय, पण जळून जात नाहीये. म्हणून हा बघायला जवळ गेला. तर आतून आवाज आला, पायातले जोडे काढ, तू उभा आहेस ती जमीन पवित्र आहे. पहिली गोष्ट ती सांगितली त्याला. बाकीचं सगळं नंतर.

गोरक्ष : म्हंजे मी बरोबर केलं?

साधनाबाई : न सांगता केलंस. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात असे किती पाहिले असतील कोण जाणे. आत काय काय आहे?

गोरक्ष : लय काय काय. देऊळ हाय... चर्च, त्यात आपल्या समयांसारखे दिवे टांगलेले, शंभरएक असतील. फोटो काढू देत नायत. विहीर हाय. आन बाई, मशीद हाय. मठाच्या भिंतीच्या आत. मनोरा आन घंटाघर शेजारी शेजारी. बाहेरचे राखणदार समदे मुसलमान, त्यांच्या बापजाद्यांपासनं तेच राखतात. दिनेशनं इचारलं गाईडला, भांडत नाय का? तो म्हनला, भांडायला मान्सं जास्ती लागतात, इथं मुळात आहेत किती.

साधनाबाई : हे छान बोलला तो. आणि हाडांची खोली? सर सांगायचे, तिथे हाडं ठेवतात म्हणून.

गोरक्ष : बघितली. बागेत हाय, जाळीतनं दिसते. कवट्या, बाई, कांदे चाळीत रचतो तशा. एका बाजूला हातापायाची हाडं येगळी. साधू वारला की आधी पुरतात, काही वर्षांनी काढून आत ठेवतात, आन तीच जागा दुसऱ्याला. माती नाय ना तिथं. सगळा खडक. मला लय चमत्कारिक वाटलं. आपल्याकडं देशभरातनं लोकं रामकुंडावर अस्थी घेऊन येतात, पान्यात विरघळवायला. मागं काय राहू नये म्हनून. आन हे शेकडो वर्षं जपून ठेवतात.

साधनाबाई : भीती वाटली?

गोरक्ष : नाय. उलट म्हनलं, ह्यांना रोज कळत असंल, पुढं आपली जागा कुठली ते. बरं वाटत असंल का वाईट, ते काय सांगता येत नाय.

साधनाबाई : गोरक्ष, तू भिंत सांगितलीस, दार सांगितलंस, हाडं सांगितलीस, मशीदसुद्धा सांगितलीस. झुडपाचं नाव नाही काढलंस अजून. द्राक्षाची कलमं करणारा माणूस तू, कुणाच्याही लग्नात गेलास तरी मांडवाबाहेरची झाडं बघत बसतोस.

गोरक्ष : सांगतो की. झुडूप... दोन पुरुष उंच असंल. दगडाच्या ओट्यावर वाढलंय, फांद्या खाली लोंबत्यात. काटेरी. पान तीन-तीन, पाच-पाचचं, कडेला दाते. गुलाबाच्या घरातलं हाय, लांबचा भाऊ म्हना. तब्येत चांगली. एवढ्या उन्हात, एवढ्या कमी पान्यात पान हिरवंगार, रोग नाय, कीड नाय. कोन छाटनी करतं ते इचारायचं होतं मला, पन भाषेचा घोळ. आन त्याच्या शेजारी, बाई, आग विझवायचा लाल सिलिंडर ठेवलेला.

साधनाबाई : काय सांगतोस.

गोरक्ष : देवाशपथ. जळत्या झुडपाशेजारी. मी म्हनलं, ह्यांचा देवावर भरवसा हाय, पन एकदा झालेलं पुन्हा होऊ नये म्हनून.

साधनाबाई : अरे देवा. कितीतरी दिवसांनी हसले मी. हे ऐकायला सर हवे होते. आठवडाभर सांगत फिरले असते. बरं, मला सांग, हे सिलिंडर वर नेलं कसं असेल त्यांनी? एवढ्या पायऱ्या. उंटावर?

गोरक्ष : वर कुठं?

साधनाबाई : डोंगरावर. झुडपापाशी. तुम्ही किती वाजता चढायला लागलात? त्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या वर आहेत ना? तुझ्या वयाला ठीक आहे, पण जूनच्या उन्हात...

गोरक्ष : बाई, मी डोंगर चढलोच नाय. येळच नव्हता. मठ बारापत्तर बंद होतो.

साधनाबाई : मग झुडूप कसं बघितलंस?

गोरक्ष : झुडूप खालीच हाय की. मठात. देवळाच्या मागच्या अंगाला.

साधनाबाई : खाली?

गोरक्ष : पायथ्याला. डोंगर वर, मठ खाली. वर बारकं देऊळ हाय म्हने एक, लोकं सूर्य उगवताना बघायला चढतात. पन झुडूप खाली.

साधनाबाई : बसमधून उतरल्यावर किती चालावं लागतं?

गोरक्ष : पंधरा मिनिटं. तेबी सरळ रस्ता. आत थोड्या पायऱ्या हायेत, आठ-दहा, इकडं-तिकडं. म्हातारी म्हातारी मान्सं होती, काठी टेकत आलेली. तुमच्याहून थकलेली. बाई? काय झालं?

साधनाबाई : कुकरखालचा गॅस बंद करून ये. मला आत्ता उठायचं नाही.

गोरक्ष : केला बंद. पानी देऊ का?

साधनाबाई : बस. चाळीस वर्षं, गोरक्ष, मी रविवारी चर्चमध्ये मुलांना ही गोष्ट शिकवली. फळ्यावर डोंगर काढायचा, आणि टोकावर झुडूप, लाल खडूनं ज्वाळा. दर वर्षी. कुणी सांगितलं होतं मला टोकावर? कुणीच नाही. देव म्हणजे वरच असणार असं मीच धरून चालले.

गोरक्ष : त्यात काय एवढं. मोबाइलवर बघितलं असतं तर कळलं असतं.

साधनाबाई : सरांच्या मागं मी त्या डोंगराचं काही बघितलेलं नाही. मोबाइलवर नाही, टीव्हीवर नाही. तुला माहीत आहे आमचं जायचं दोनदा ठरलं होतं?

गोरक्ष : एकदा माहीत हाय. सर शाळेत पेढे घेऊन आले होते, जायच्या आधीच.

साधनाबाई : ती पहिली वेळ. मग माझा उजवा गुडघा गेला, रद्द केलं. तीन वर्षांनी पुन्हा चर्चचा ग्रुप निघाला. डॉक्टर म्हणाले चालायला हरकत नाही, चढायचं नाही. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जा. हे म्हणाले, तू नाही तर मी नाही. आणि मग म्हणाले, चल ना, चढू नकोस, आपण खालून बघून येऊ. खालीही बरंच काही असतं.

गोरक्ष : सर म्हनले असं?

साधनाबाई : भूगोलाचे मास्तर ते. त्यांच्याकडे तिथला नकाशा होता, मोठा, घडीचा. त्यांना माहीत असणारच झुडूप कुठे आहे ते. मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, खाली काय आहे, बसस्टँड? वर जाता येणार नसेल तर मला यायचंच नाही. ते समजावायला लागले तर मी उठून आत गेले. नकाशा उघडत होते, तो त्यांनी घडी करून ठेवला. पुन्हा विषय काढला नाही त्यांनी. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, वर्गातसुद्धा एकदाच सांगायचे.

गोरक्ष : हो. दुसऱ्यांदा इचारलं की म्हनायचे, शेजारच्याला विचार.

साधनाबाई : त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी ती चिठ्ठी लिहिली. टेबलाशी बसून. मी विचारलं, काय लिहिताय? म्हणाले, कधी गेलोच तर झुडपापाशी ठेवायची आहे. म्हटलं, दाखवा. तर म्हणाले, हे तुझ्यासाठी नाही. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. फार लागलं मला. आणि पुढच्या वर्षी गेलेच ते. मला वाटायचं, माझ्या गुडघ्यांमुळे त्यांचं राहिलं. गुडघ्यांवर ढकलून निदान झोप तरी लागायची. गुडघे नव्हते रे. हट्ट होता माझा.

गोरक्ष : बाई, असं नका म्हनू.

साधनाबाई : म्हणू दे. मला राग आलाय, आणि तो काढायला समोर कुणी नाही. तू दोडके घेऊन आलायस, तुझ्यावर कुठे काढू. पण एक बरं झालं. निदान चिठ्ठी तरी पोचली त्यांची. तुझ्यामुळे. कुठे ठेवलीस, ते सांग आता. ओट्याच्या भिंतीत फटी असतात ना, लोक तिथे ठेवतात?

गोरक्ष : बाई.

साधनाबाई : सांग ना.

गोरक्ष : तेच सांगायला आलोय मी. दीड महिना येत नव्हतो ते बी त्याच्यामुळंच. चिठ्ठी पोचली नाय.

साधनाबाई : फोनवर तू म्हणालास...

गोरक्ष : फोन केला तवा मला वाटत होतं पोचली. खोटं नाय बोललो. दुसऱ्या दिवशी कळलं. मधी बोलू नका, मला एका दमात सांगू द्या, नायतर सांगायचो नाय.

साधनाबाई : बोल.

गोरक्ष : गाईड म्हनला, ह्या झुडपाच्या काड्या लय लोकांनी नेल्या, पन दुसरीकडं कुठं लागत नाय. दीड हजार वर्षांत कुनाची लागली नाय. त्यानं सहज सांगितलं, पन माझ्या डोक्यात ते शिरलं. आता मी काय करतो हे तुम्हाला माहीत हाय. पंचक्रोशीत लोकं म्हनतात, गोरक्षअण्णानं काडी लावली म्हंजे लागलीच. बागांमधी दिनेशनं तंबी दिली होती, कुनी काडी उचलायची नाय, तिथल्या जाती दुसऱ्यांच्या मालकीच्या हायेत, आपली इज्जत जाईल. तिथं मी हात लावला नाय. एकसुद्धा नाय. आन इथं देवाच्या झाडाला लावला.

साधनाबाई : चोरलीस.

गोरक्ष : चोरली. आधी तुमचं काम केलं. वरच्या खिशातनं घडीचा कागद काढला, डोळे मिटले, सरांचं नाव घेतलं, तुमचं घेतलं, फटीत सरकवला. डोळे उघडले तर राखणदार पाठमोरा. अंगठ्याच्या नखानं टक्कन खुडली, येवढी, दोन कोंब फुटतील अशी, दोन डोळ्यांची. बाहीत घातली. बसमधी आल्यावर, न बघता, खिशातला कागद घेतला, बाटलीचं पानी लावलं, काडीच्या बुडाला गुंडाळला, वरनं रबर, आन मोज्यात. चाळीस वर्षं हेच करतोय, बाई. काडी खुडली की ओला कागद. हाताला डोळे लागत नायत.

साधनाबाई : खिशातला कुठला कागद?

गोरक्ष : खिशात दोन होते. दोन्ही चार घड्यांचे. एक तुमची चिठ्ठी. तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत दिली होती, ती मी सकाळीच काढून टाकली, म्हनलं देवाला प्लॅस्टिकमधी काय द्यायचं. आन दुसरा हॉटेलचा. धुवायला टाकलेल्या कपड्यांची पावती.

साधनाबाई : म्हणजे त्या भिंतीत...

गोरक्ष : दोन शर्ट, एक पँट, एक बनियन.



साधनाबाई : मी हसतेय ते बघू नकोस. हे हसण्यासारखं नाही.

गोरक्ष : हॉटेलवाल्यानं पावती मागितली तवाच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. मी म्हनलं पडली कुठंतरी. कपडे तिथंच राहिले. घरी येऊन रात गेली, सकाळी तुम्हाला फोन केला. दुसऱ्या दिवशी काडी लावायला मोजा उघडला, कागद सोडवला, तर चौकटीचा. सरांचा आलेखाचा कागद. आम्हाला नकाशे काढायला द्यायचे तोच. मी नर्सरीतनंच बायकोला हाक मारली, बाई. बायको धावत आली, तिला वाटलं शुगर उतरली.

साधनाबाई : आणि काडी?

गोरक्ष : लावली. आता एवढं पाप केलंच होतं. चांगल्यातलं चांगलं मिश्रण, मुळ्या फुटायची पावडर, सावली, समदं. अकराव्या दिवशी काळी पडली. मी मनावर घेऊन लावलेली काडी कधी गेली नव्हती, ही गेली. त्याचा मला राग नाय. बरं झालं गेली. लागली असती तर मी गावभर सांगितलं असतं, आन तुम्हाला तोंड दाखवलं नसतं. मला लाज वाटते, बाई. तुम्ही जगात येवढी मान्सं सोडून माझ्या हातात दिली. चर्चमधल्या कुनाच्या नाय दिली.

साधनाबाई : तुझ्या हातात दिली कारण तू विचारलं नाहीस, आत काय आहे म्हणून. चर्चमधल्यांनी विचारलं असतं. कुठे आहे ती?

गोरक्ष : ही. सुकवली मी. सावलीत, दोन टाइल्सच्या मधी दाबून, कागद आखडू नये म्हनून. उघडली नाय. आईची आन घेऊन सांगतो, एक घडीबी उघडली नाय. पन भिजली ती भिजलीच. बाहेरच्या अंगाला शाई आलीय, निळी.

साधनाबाई : दे इकडे.

गोरक्ष : घड्या चिकटल्यात. ओढू नका, फाटंल. पान्याचा हात लावून हळूच सोडवली तर सुटंल. म्हनत असाल तर आत्ता सोडवून देतो, मला जमतं ते. सोडवून तुमच्या हातात देतो आन मी बाहेर जाऊन उभा राहतो.

साधनाबाई : खिडकीशी धर जरा. ... अक्षरं दिसतात रे. उलटी. ओळ पण दिसते, दोन-तीनच ओळी आहेत. मला वाटायचं पानभर असेल.

गोरक्ष : वाचा, बाई. आता आलीच हाय ती परत. एवढी सात समुद्र... तसा एकच, पन ओलांडून गेली, दारापत्तर गेली आन माघारी तुमच्याकडं आली. मी तर म्हनतो, तिकडनंच धाडली असंल. माझ्या हातून चूक झाली ती झाली, पन झाली कशी, ते बघा ना.

साधनाबाई : तुझ्या चुकीचं खापर वर नको फोडूस.

गोरक्ष : नाय, तसं नाय. पन सहा वर्षं तुम्हाला खुपतंय. दोन मिनिटांत कळून जाईल.

साधनाबाई : कळेल. खरं आहे. आणि मग? समजा आत माझ्याबद्दलच काही असेल. चांगलं असेल तर मी रडेन, वाईट असेल तर भांडेन, आणि भांडायला ते नाहीत. आणि माझ्याबद्दल काहीच नसेल तर? ते मला जास्त लागेल, हे मला माहीत आहे. नको. त्यांनी सांगितलं होतं, माझ्यासाठी नाही. एकदाच सांगायचे ते. मागच्या वेळी ऐकलं नाही, ह्या वेळी ऐकते.

गोरक्ष : मंग मी जातो पुन्हा. पुढच्या वर्षी दौरा हाय, नसला तरी जातो. माझ्या हातानं चुकलंय, माझ्याच हातानं ठेवतो. ह्या खेपेला खिशात दुसरा कागदच ठेवत नाय.

साधनाबाई : त्या फटी किती उंचीवर आहेत, गोरक्ष?

गोरक्ष : वेगवेगळ्या. खाली हायेत, वर हायेत. मी ठेवली ती... पावती ठेवली ती छातीएवढ्या उंचीवर.

साधनाबाई : तुझ्या छातीएवढी म्हणजे माझ्या खांद्याएवढी. हात पोचेल. आणि पंधरा मिनिटांचं चालणं. मध्ये बसायला काही आहे का?

गोरक्ष : दगडी कट्टे हायेत. सावली नाय, पन थंडीत गेलं तर ऊन बरंच वाटंल. बाई, तुम्ही...

साधनाबाई : पासपोर्ट संपलाय माझा. दोन वर्षं झाली. नवा किती दिवसांत मिळतो?

गोरक्ष : माझा तीन आठवड्यांत आला. पोलीस येतात घरी, तवा घरी असावं लागतं, बाकी काय नाय. मी आनतो फॉर्म. दिनेशच्या ओळखीचा एजंट हाय, तो बसल्या जागी भरून देतो. आन मी येतो बरोबर, हे आताच सांगतो. तुम्ही नको म्हनाल तरी.

साधनाबाई : नको म्हणणार नाही. मला वाकून दारातून जाताना कुणाचा तरी हात लागेल. शुक्रवारी, रविवारी बंद असतो ना मठ? मग मंगळवार-बुधवार धरून ठरवायचं. आणि थंडीतच जाऊ, जानेवारीत. तुझ्या द्राक्षांचं काय पण, जानेवारीत माल निघतो.

गोरक्ष : निघू द्या. पोरगा हाय. ही चिठ्ठी ठेवता का आता कपाटात? द्या, मी पुन्हा पिशवीत घालून देतो, नीट, प्लॅस्टिकमधी.

साधनाबाई : राहू दे टेबलावर. वाळू दे अजून.

गोरक्ष : बाई, अजून एक सांगतो. तिथं उंट मिळतात. डोंगरावर अर्ध्याच्या वर रस्ता हाय, उंट जातो. शेवटच्या पायऱ्या तेवढ्या राहतात, तिथं दोन मान्सं लावून खुर्चीनं नेऊ तुम्हाला. तुम्हाला एवढं वर जायचं होतं ना. मनात असंल तर मी सगळं जमवतो, टोकापत्तर.

साधनाबाई : नको रे. मला ह्यांनी खालीच बोलावलं होतं.